भट्टीतला गार कोपरा

माझी मावशी सत्तावीस वर्षं एका संशोधन संस्थेत काचेची भांडी धुत होती. तिथे सगळेच तिला मावशी म्हणायचे, अगदी तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले संचालकसुद्धा. लहानपणी मी एकदा तिच्याबरोबर तिथे गेले होते. जो तो येताजाता "मावशी, मावशी" करतोय हे पाहून मी रडायलाच लागले. माझी एकुलती एक मावशी मला न विचारता कुणी सगळ्यांना वाटून टाकली, असं मला वाटलं होतं.

त्याआधी ती दूध डेअरीत बाटल्या धुवायची. पुढे दूध प्लॅस्टिकच्या पिशवीत गेलं आणि बाटल्या धुणाऱ्या बायका घरी गेल्या. मावशी तेव्हा चौतिसाची होती. लग्न झालं होतं, ते टिकलं नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि तीही बोलत नसे. ती आमच्याकडेच राहायची, तीन खोल्यांत आम्ही तिघी: आई, मावशी आणि मी.

संस्थेतल्या मुलाखतीत तिला एकही प्रश्न विचारला नाही. स्टोअर सांभाळणाऱ्या काकांनी तिच्या हातात एक काळाकुट्ट चंबू दिला आणि "धुवा" म्हणाले. तिने पाऊण तास घेतला. काकांनी चंबू उजेडात धरला, त्यात पाणी ओतलं आणि ओतून टाकलं. पाणी आतल्या बाजूला थेंबाथेंबाने अडून राहिलं तर काच मळकी. पडद्यासारखं सलग ओघळलं तर स्वच्छ. पाणी सलग ओघळलं. काका म्हणाले, "उद्यापासून या."

तिची खोली तळमजल्यावर होती. दोन मोठी दगडी सिंकं, ॲसिडचं एक खोल टाकं, शुद्ध पाण्याचा वेगळा नळ आणि एक खिडकी. खिडकीतून फक्त सायकलींची चाकं दिसायची. शेजारच्या बोळवजा खोलीत भट्टी होती, कपाटाएवढी. भांडं आधी साबणाने धुवायचं, मग साध्या पाण्याने, मग दिवसभर ॲसिडमध्ये ठेवायचं, मग शुद्ध पाण्याने सात वेळा खळबळायचं, वाळवायचं, फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि भट्टीत पाचशे अंशांवर तापवायचं. इतका खटाटोप कशासाठी, असं तिने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. तिला उत्तर मिळालं, की वरच्या मजल्यावरचे लोक भांड्यात जे शोधतात ते इतकं थोडं असतं, की एका बोटाचा ठसा पडला तरी त्याच्यापुढे ते दिसेनासं होतं.

वरचे लोक शोधत होते, की पृथ्वीवर जीव पहिल्यांदा आला कसा.

संस्थेत इतरही बरीच कामं चालायची, पण या एका प्रश्नावर दोन मोठे गट होते आणि त्यांचं आपसांत फारसं पटत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर एक प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं, जीवाची सुरुवात उथळ, कोमट तळ्यात झाली. वर विजा कडाडत होत्या, ज्वालामुखींचे वायू होते, तळाशी चिकणमाती होती. सगळे त्यांना तळेवाले सर म्हणायचे. पहिल्या मजल्यावर एक बाई होत्या. त्या म्हणायच्या, तळंबिळं काही नाही. खोल समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथल्या खडकांच्या बारीक छिद्रांत हे सुरू झालं, उजेडाचा एक किरणही न लागता. त्या समुद्रवाल्या बाई. मधे वर्षभर एक पाहुणे आले होते. ते आकाशातून पडलेल्या दगडांचा चुरा तपासायचे आणि सगळं कच्चं सामान वरूनच आलं असं मानायचे.

मावशीने या तिन्ही मतांची ओळख करून घेतली ती सिंकपाशी. तळेवाल्या सरांच्या चंबूत तपकिरी डांबरासारखं काहीतरी चिकटून बसायचं, दोन-दोन दिवस ॲसिडमध्ये ठेवलं तरी हटायचं नाही. समुद्रवाल्या बाईंची भांडी काळी यायची आणि त्यांना कुजक्या अंड्याचा वास यायचा. वास नाकात बसला की घरी येईपर्यंत जायचा नाही. पण ती धुवायला सोपी. आकाशवाल्या पाहुण्यांची भांडी जवळजवळ स्वच्छच असायची.

"मला विचारशील तर," ती एकदा आईला म्हणाली, "जीव समुद्रात झाला असावा. निदान धुताना तरी तेच बरं वाटतं."

तळेवाल्या सरांशी मात्र तिचं चांगलं जमायचं. ते स्वतःची भांडी स्वतः खाली आणून द्यायचे आणि पाच मिनिटं बोलत उभे राहायचे. उंच, थोडे वाकलेले, खिशात नेहमी दोन चष्मे, आणि हवा तो नेमका तिसरीकडेच विसरलेला. एकदा ती त्यांना म्हणाली, "सर, एवढी भांडी मी घासते तेव्हा तुमचा एक प्रयोग होतो. त्या तळ्याला कोण धुवत होतं?"

सर हसले नाहीत. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला.

"त्याला धुवायची गरज नव्हती, मावशी. घाण करायला तेव्हा कुणी नव्हतंच. आज तळ्यात असं काही तयार झालं, तर दुसऱ्या क्षणी कुणीतरी खाऊन टाकील. तेव्हा खाणारं कुणी नव्हतं. म्हणून ते साठत गेलं."

हे तिला इतकं पटलं की रविवारी मामा आला तेव्हा तिने ते त्याला ऐकवलं. मामा म्हणजे या दोघींचा धाकटा भाऊ. पुढच्या गल्लीत राहायचा, बस चालवायचा, रोज पहाटे अंघोळ करून पोथी वाचायचा. जगात त्याला दोन गोष्टींबद्दल शंका नव्हती: देव आणि त्याच्या बसचा ब्रेक.

"ताई, आपोआप साधा चहा होत नाही," तो म्हणाला. "पाणी आहे, साखर आहे, पत्ती आहे, गॅससुद्धा आहे. कोट्यवधी वर्षं बसा समोर. कुणीतरी उठून करावा लागतो."

"आणि त्या कुणीतरीला कुणी केलं?"

"ते विचारायचं नसतं."

"सरांना विचारता येतं."

"मग सांगतात का ते?"

"नाही. माहीत नाही म्हणतात."

"बघ!" मामा म्हणाला आणि जिंकल्यासारखा बशीतला चहा प्यायला. आई उठली आणि पुन्हा पाणी ठेवायला गेली. हा वाद आमच्याकडे चारेक वर्षं चालू होता. कुणाचं मत तसूभरही हललं नाही आणि रविवार बरा जायचा.

भट्टीची गोष्ट सुरू झाली ती मावशीच्या नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी.

कुठलं पुडकं कुठल्या मजल्याचं हे कळावं म्हणून ती प्रत्येक पुडक्यावर कागदाची चिठ्ठी ठेवायची आणि तिच्यावर पेन्सिलीने मजला लिहायची. भट्टीत चिठ्ठीची राख होणार हे तिला ठाऊक होतं. चिठ्ठी फक्त भट्टी भरून होईपर्यंतच कामाची. पण ती राखसुद्धा बघायची. पाचशे अंशांत पाच-सहा तास राहिलेल्या कागदाची राख पांढरी, हलकी असते, फुंकर मारली की उडते. एका सकाळी मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीची राख झालीच नव्हती. ती नुसती करपून तपकिरी झाली होती आणि तिच्यावरचा आकडा वाचता येत होता.

तिने तेव्हा काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने भट्टी आणि इतर यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. माणूस कामसू, पण त्याच्याकडे सहा मजले आणि दोन हात.

"मिस्त्री, या कोपऱ्यात आच पोचत नाही."

मिस्त्रीने दारावरचा आकडा दाखवला. "किती आहे?"

"पाचशे."

"मग?"

"मग ही चिठ्ठी बघा."

"मावशी, मशीनवर विश्वास ठेवायचा की कागदावर?"

महिन्याभराने तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा त्याने आकडा दाखवला. त्यानंतर तिने सांगणं सोडलं. त्या कोपऱ्यात तिने बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवून दिला, म्हणजे तिथे काही ठेवलंच जाणार नाही. भट्टीत बेचाळीस पुडकी मावायची, ती छत्तीसच ठेवू लागली. अडचण मिटली असं तिला वाटलं. तसं कुणालाही वाटलं असतं.

चार महिन्यांनी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मावशीने तीन आठवड्यांची रजा घेतली. तिच्या जागी कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या माणसाला पाठवलं. पन्नाशीचा, कमी बोलणारा, दिलेलं काम मान खाली घालून करणारा. मावशीने जाण्याआधी त्याला दीड तासात सगळं शिकवलं. सात वेळा खळबळायचं, ॲसिडच्या टाक्यात हात घालायचा नाही, चिठ्ठ्या ठेवायच्या, वहीत नोंद करायची, कोपऱ्यात काही ठेवायचं नाही. तीसएक सूचना होत्या. त्याने त्यातल्या अठ्ठावीस तरी तंतोतंत पाळल्या.

मावशी परत आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आनंदीआनंद होता. सर स्वतः धावत खाली आले, चष्मा कपाळावर.

"मावशी, झालं! डावी आली!"

तिला काही कळलं नाही. सरांनी सिंकवरचे तिचे रबरी हातमोजे उचलले.

"हे बघा. दोन्ही मोजे सारखे, पण डावा उजव्या हातात जात नाही. अमिनो आम्लं म्हणून असतात, प्रथिनांच्या विटा म्हणा. त्यांचंही असंच असतं, डावी आणि उजवी. विजेने, वायूने बनवली की दोन्ही सारखीच बनतात, निम्मी निम्मी. पण जिवंत शरीरात बघाल तर सगळी डावी. तुम्ही, मी, झाड, बुरशी, सगळ्यांत डावी. का, ते कुणालाच ठाऊक नाही. आता आमच्या चंबूत, नुसत्या वायूत आणि चिकणमातीत, डावी जास्त निघालीत!"

"म्हणजे चांगलं झालं ना?"

"चांगलं?" सर म्हणाले. त्यांनी मोजे तिच्या हातात दिले आणि तसेच जिना चढून गेले.

सरांनी शोधनिबंध लिहिला, तो छापून आला. एका वर्तमानपत्रात सरांचा चंबू हातात धरलेला फोटो आला. मावशीने तो कापून आईला दाखवला आणि म्हणाली, "चंबू माझा आहे." मामाने बातमी दोनदा वाचली आणि सांगितलं की त्यात देव नाही असं कुठेही लिहिलेलं नाही.

सरांनी संस्थेत व्याख्यान दिलं तेव्हा शेवटी समुद्रवाल्या बाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज शांत होता आणि प्रश्न लहान. "आठ प्रयोगांपैकी तीनमध्येच डावी जास्त आली. त्या तीन चंबूंच्या बॅचमधला एखादा चंबू नुसता, रिकामा तपासला होता का?"

सरांनी रिकामा चंबू तपासला होता, पण आधीच्या बॅचमधला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच बॅचमधली न उघडलेली पुडकी शोधून काढली. तीन सापडली. त्यांतल्या चंबूंत फक्त शुद्ध पाणी घालून ते तपासलं. दोनांत काही निघालं नाही. तिसऱ्यात तीच आम्लं निघाली, त्याच प्रमाणात आणि डावी. त्यात ना वीज होती, ना वायू, ना माती. ती माणसाच्या हाताची होती. घामात असतात ती.

चौकशी समितीच्या नावाखाली पाच जण एका लांब टेबलाशी बसले: संचालक, सर, समुद्रवाल्या बाई, मिस्त्री आणि मावशी. कँटीनवाल्याला दाराशी खुर्ची दिली होती. बॅच त्याच्या तीन आठवड्यांतली होती, तेव्हा मावशी घरी आईला सूप भरवत होती. तिला बोलावलं होतं ते धुण्याची पद्धत समजावून सांगायला.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, सरळ आहे. यांना सवय नाही. उघड्या हाताने भांडी हाताळली असणार."

संचालकांनी कँटीनवाल्याकडे पाहिलं. "मोजे घातले होते?"

"घातले होते साहेब," तो म्हणाला. मग, "फॉइल गुंडाळताना काढायचो. मोज्यात फॉइल निसटते."

टेबलावर कुणीतरी सुस्कारा सोडला. प्रश्न सुटल्यासारखा झाला. कँटीनवाला खाली बघत राहिला. त्याचे तळहात मांडीवर उलटे होते, जणू ते कुणाला दिसू नयेत.

मावशीने हे सगळं मला नंतर बऱ्याचदा सांगितलं. त्या क्षणी गप्प बसणं किती सोपं होतं, तेही सांगितलं. ती तिथे नव्हती, वही तिच्या अक्षरातली नव्हती, तिला कुणी काही विचारतही नव्हतं.

ती म्हणाली, "फॉइल गुंडाळताना मोजे मीही काढते."

"तुम्ही?" सर म्हणाले.

"एकोणीस वर्षं. हात लागतोच, सर. म्हणून तर भट्टी आहे. भट्टीतून निघाल्यावर कुणाचाही हात उरत नाही." तिने वही पुढे सरकवली. "त्या दिवशी यांनी बेचाळीस पुडकी लावली. मी छत्तीस लावते. मागच्या डाव्या कोपऱ्यात मी काही ठेवत नाही, तिथे आच पोचत नाही. डबा ठेवला होता मी तिथे. यांना तो कचरा वाटला असणार, काढला. कुणीही काढला असता."

कँटीनवाल्याने मान हलवली. "रिकामाच होता."

संचालक म्हणाले, "आच पोचत नाही हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"ही बॅच लागली त्याच्या चार-पाच महिने आधीपासून."

"आणि कुणाला सांगितलं?"

मावशीने मिस्त्रीकडे बघायचं टाळलं. "तोंडी सांगितलं होतं. लिहून दिलं नाही. तिसऱ्या मजल्यावर जाऊनही सांगितलं नाही. ते चुकलं माझं."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, डिस्प्लेवर रोज पाचशे असायचं—"

"भट्टी रिकामी करा," मावशी म्हणाली. "नऊ चिठ्ठ्या ठेवू, वर-खाली, चारी कोपऱ्यांत. उद्या उघडा आणि बघा."

तसं केलं. चिठ्ठ्यांवर आकडे समुद्रवाल्या बाईंनी घातले, म्हणजे कुणाला शंका नको. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्या बोळात दाटीवाटीने उभे राहिले. मिस्त्रीने दार उघडलं. आठ जागी पांढरी राख होती. नवव्या जागी, मागच्या डाव्या कोपऱ्यात, तपकिरी कागद आणि त्यावर स्वच्छ दिसणारा आकडा सात. मिस्त्रीने मागचं पॅनल उघडलं. त्या बाजूची तार जळून तुटली होती आणि वीट तडकून बाहेरची हवा आत येत होती. उष्णता मोजणारी सळई भट्टीच्या बरोबर मध्यात होती, त्यामुळे आकडा खरा होता, फक्त मध्यापुरता.

"दोनशेसुद्धा नसेल इथे," मिस्त्री म्हणाला. मग तो बराच वेळ पॅनलमध्ये डोकं घालून राहिला. तेवढं काम तिथे नव्हतं.

त्याच आठवड्यात बाईंनी आणखी एक गोष्ट केली. स्वच्छ बशांमध्ये सगळ्यांच्या अंगठ्यांचे ठसे घेऊन तपासले, संचालकांचासुद्धा. कुणाचा हात कुठला हे ओळखता येतं का, ते बघायला. ओळखता आलं नाही. थोडं कमी, थोडं जास्त, पण सगळ्यांचं मिश्रण जवळपास एकच. अहवालात तशी नोंद झाली.

नवी भट्टी आली. मिस्त्रीला काही झालं नाही, कारण डिस्प्ले बरोबर होता. कँटीनवाल्याला काही झालं नाही, कारण त्याला कुणी लेखी सूचना दिली नव्हती. मावशीला लेखी ताकीद मिळाली, कारण तिने स्वतःच तोंडाने कबूल केलं होतं. ती ताकीद तिने घरी आणून कपड्यांच्या कपाटात तळाशी ठेवली. चार-पाच दिवस ती फार बोलली नाही. आईने विचारलं, "राग आलाय का?" तर म्हणाली, "राग नाही. लाज वाटते. मिस्त्रीने दोनदा ऐकलं नाही, मग मी तिसऱ्यांदा का नाही सांगितलं? मला वाटलं, आपण भांडी घासणारे."

सर पंधरा दिवस खाली आलेच नाहीत. भांडी शिपायाबरोबर पाठवायचे. मग एका दुपारी आले, हातात काहीच नव्हतं. मावशी टाक्यातून चंबू काढत होती.

"निबंध मागे घेतला," ते म्हणाले.

तिने चंबू ठेवला. "सगळा?"

"अर्धा मागे घेता येत नाही." ते खिडकीतून सायकलींच्या चाकांकडे बघत होते. "तुम्ही मला वर येऊन सांगितलं असतं तर—" आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. "नाही. तुम्ही सांगितलं असतं तरी मी मिस्त्रीकडेच पाठवलं असतं. आणि रिकामा चंबू तपासायचा मला आठवत होता, मावशी. आठवत होता. वाटलं, आधी हे पाठवू, मग बघू. बाईंच्या लोकांनी आधी काही छापलं तर, अशी धास्ती होती."

"आठांतले तीनच कसे आले, असं वाटलं नाही?"

"वाटलं होतं. मातीची पिशवी वेगळी होती, असं मी मनाला समजावलं."

तिने चंबू पुन्हा नळाखाली धरला. सर म्हणाले, "त्या कँटीनवाल्यावर ढकलून मोकळे झालो असतो आम्ही."

"हो," मावशी म्हणाली. तिला खोटं सांत्वन करता येत नसे.

निबंध मागे घेतल्याची सूचना छापली गेली, सात-आठ ओळींची. ती परक्या भाषेत होती, मी तिला अर्थ सांगितला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, की भट्टीतला दोष 'तांत्रिक सेवकवर्गातील एका सदस्याने' लक्षात आणून दिला, त्याबद्दल आभार.

"नाव नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"असो," ती म्हणाली. पण तो कागद तिने ताकीदपत्राच्या वर ठेवला, खाली नाही.

मामाला सगळी हकिगत कळली तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "म्हणजे शेवटी काय निघालं? कुणाचातरी हात लागल्याशिवाय होत नाही! मी वर्षानुवर्षं दुसरं काय सांगतोय?"

"लागला तो हात धुतलेला नव्हता," मावशी म्हणाली.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि आम्ही तिला धरून बसवलं. मामाही हसला. मग म्हणाला, "पण ताई, खरं सांग, तुला काय वाटतं? एवढी वर्षं त्यांच्यात आहेस."

मावशीने विचार करून उत्तर दिलं. "तळ्यातून झालं असेल, समुद्रातून झालं असेल, तू म्हणतोस तसंही असेल. मला नाही माहीत. पण तुझं खोटं निघालं तर ते कशावरून कळेल, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सरांचं कशावरून कळेल ते बाईंनी एका प्रश्नात सांगितलं."

मामाने चपला घातल्या. त्याला हे लागलं असावं, कारण पुढचे दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला आणि कुणी तो विषय काढला नाही. नंतर वाद पुन्हा सुरू झाला, पण थोडा सांभाळून.

सरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, स्वच्छ चंबूंत, दोन वर्षं. डांबर निघालं आणि थोडी आम्लं, डावी-उजवी सारखी. त्यांनी तेही छापलं. त्या निबंधाची बातमी कुठे आली नाही. समुद्रवाल्या बाईंनाही त्यांच्या छिद्रांत अजून जीव सापडलेला नव्हता, पण त्यांचा गट वाढला, सरांचा आटला. दोघांचं बोलणं मात्र त्या प्रकरणानंतर वाढलं. मधल्या सुट्टीत एकाच टेबलावर बसून भांडताना लोकांनी त्यांना पाहिलं आहे. कँटीनवाल्याने मावशीच्या खोलीत पुन्हा कधी पाय ठेवला नाही. ती कँटीनमध्ये गेली की तो तिच्यासाठी मोठा पेला शोधून आणायचा, एवढंच.

साठाव्या वर्षानंतर एक वर्ष वाढवून मिळालं आणि मग मावशी निवृत्त झाली. ॲसिडने बोटांची कातडी पातळ झाली होती, थंडीत चिरायची. गुडघे गेले होते. ती मग घरी बसून रेडिओ ऐकायची, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला कपड्यांवरचे डाग कसे काढायचे ते सांगायची आणि आईशी किरकोळ गोष्टींवरून भांडायची.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी सर एकदा घरी आले. तेही तोवर निवृत्त झाले होते. जिना चढून दम लागला होता. दारात उभे राहून म्हणाले, "मावशी आहेत का?" मी त्यांना फोटोवरून ओळखलं.

दोघं खिडकीशी बसले. आधी गुडघ्यांबद्दल बोलले, मग डॉक्टरांबद्दल, मग मिस्त्रीच्या मुलीच्या लग्नाबद्दल. बऱ्याच वेळाने मावशीने विचारलं, "सर, मग आता काय म्हणतात? कसं झालं सगळं?"

"अजून भांडतायत," सर म्हणाले. "आता एक नवं म्हणणं आहे. पाणी सतत असून चालत नाही. ओलं व्हावं, वाळावं, पुन्हा ओलं व्हावं, असं लाखो वेळा. तेव्हाच त्या विटा एकमेकींना जुळतात. मला ते पटतं. पण मी आता काही करून बघणार नाही."

"वाईट वाटतं?"

"पहिली दोन वर्षं फार वाटलं. झोप यायची नाही. मग सवय झाली." त्यांनी चष्मा पुसला. "आपल्या हयातीत कळेल असं मला वाटायचं. ते चुकलं. प्रश्न जुना आहे, त्याला घाई नाही."

मावशी म्हणाली, "चहा टाकते." सर म्हणाले, गुडघे दुखत असतील, राहू द्या. ती म्हणाली, "दुखतात म्हणून चहा नको की काय?" आणि भिंतीला धरून उठली.

त्यानंतर ते दोन-तीनदा आले. मावशी गेली त्या हिवाळ्यात ते मुलाकडे परगावी होते, त्यांना उशिरा कळलं. त्यांनी आईला पत्र पाठवलं, एक पानभर, बारीक अक्षरात. त्यात देवाचं काही नव्हतं आणि विज्ञानाचंही फारसं नव्हतं. मावशीने त्यांच्यासाठी अंदाजे किती भांडी धुतली असतील, याचा त्यांनी बसून विचार केला होता आणि त्यांना तो आकडा काढता आला नव्हता, असं लिहिलं होतं.

मामाने ते पत्र वाचायला मागून नेलं. अजून परत दिलेलं नाही.